नाव आणि नाम

सप्टेंबर १८३८ मध्ये होनोलुलू येथे एका सरदारघराण्यात मुलगी जन्मास आली. त्या सुमारास राजाच्या खालोखाल अधिकार असलेली किनाऊ ही राजस्त्री डोळ्यांच्या विकाराने हैराण झाली होती. मुलीचे नाव ठेवण्याचा मान तिचा होता, आणि तिने एक सोडून चार नावे दिली : लिलिउ, लोलोकु, वालानिआ, कामाकाएहा. पहिल्याचा अर्थ चुरचुरणे, दुसऱ्याचा आसवे गाळणे, तिसऱ्याचा आग होणे, आणि चौथ्याचा दुखरा डोळा. मराठी वाचकाला येथे दगडू, धोंडू ही नावे आठवतील. पण ती नावे दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असतात. किनाऊचा हेतू तसा नव्हता. ज्या घटिकेला मूल जगात आले त्या घटिकेची खूण त्याच्या अंगावर राहावी, एवढाच त्या रीतीचा आशय होता. या मुलीच्या थोरल्या भावाचे नाव कालाकाउआ, म्हणजे 'युद्धाचा दिवस'. तो जन्मला त्या दिवशी बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेच्या धाकाने एका तहावर सह्या होत होत्या. बहिणीच्या वाट्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची वेदना आली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्यापुढे आणखी एक नाव जोडले गेले : लिडिया.

हवाई भाषेत नावाला 'इनोआ' म्हणतात. जुन्या हवाई समजुतीत इनोआ ही हाक मारण्याची सोय नव्हती. तिला स्वतःचे सामर्थ्य होते. काही नावे स्वप्नात येत. त्यांना 'इनोआ पो', रात्रीचे नाव, म्हणत. पूर्वजांनी स्वप्नात सुचवलेले नाव मुलाला दिले नाही तर मूल आजारी पडते, प्रसंगी दगावते, अशी धारणा होती. मराठीने 'नाव' आणि 'नाम' असे दोन शब्द वेगळे राखले. पहिला पाळण्याशी आणि दप्तराशी, दुसरा टाळमृदंगाशी. हवाई भाषेला या फोडीची गरज वाटली नाही. तिने दुसरीच एक फोड केली, आणि ती अधिक सूक्ष्म आहे.

त्या भाषेत षष्ठीचे दोन प्रकार आहेत. जे माणसाला निवडता येत नाही, जे त्याच्या आधीपासून असते किंवा त्याच्यापासून अलग करता येत नाही, त्याच्यासाठी 'ओ'चा प्रकार : आईबाप, शरीर, भूमी, देव. जे माणूस मिळवतो, घडवतो, ज्याचा आरंभ त्याच्यापासून होतो, त्याच्यासाठी 'आ'चा : अपत्ये, पती किंवा पत्नी, शिजवलेले अन्न, केलेले काम. 'नाव' हा शब्द दोन्हीकडे चालतो, पण अर्थ पालटतो. 'को-उ इनोआ' म्हणजे माझे नाव, ज्याने मी ओळखला जातो ते. 'का-उ इनोआ' म्हणजेही माझे नाव, परंतु मी दुसऱ्याला दिलेले. लिलिउ हे किनाऊचे नाव होते आणि त्या मुलीचेही. मराठीत हे वाक्य समजावून सांगावे लागते. हवाईत एका स्वराने काम भागते.

या भाषेला लिपी मिळाली ती धर्मप्रसाराच्या निमित्ताने, आणि त्या प्रसाराच्या मुळाशीही एका बिघडलेल्या नावाची कथा आहे. १७९२ च्या सुमारास हवाई बेटाच्या दक्षिण भागात जन्मलेला एक मुलगा बेटांवरील लढाईत अनाथ झाला. मामाने त्याला मंदिरातील पौरोहित्याचे पाठ दिले. पण १८०८ मध्ये तो अमेरिकेच्या गलबतावर चढून न्यू इंग्लंडला गेला. तेथे तो ख्रिस्ती झाला आणि 'हेन्री ओबूकाया' या नावाने प्रसिद्ध पावला. त्याचे खरे नाव ओपूकाहा-इआ, म्हणजे 'पोट चिरलेला'; हे नावही जन्मकाळच्या एका घटनेवरूनच पडलेले. इंग्रजी कानांनी त्याचे जे केले ते वर आलेच आहे. त्याच कानांनी विशेषनामापूर्वी येणारा 'ओ' हा हवाई निपात नावाचाच भाग समजून बेटांना 'ओव्हायही' करून टाकले होते. या तरुणाने आपल्या भाषेचे व्याकरण जुळवायला घेतले, कोशाची सुरुवात केली आणि उत्पत्तीचे पुस्तक मूळ हिब्रूवरून हवाईत आणण्याचा प्रयत्न केला. इंग्रजीपेक्षा हिब्रू त्याला आपल्या भाषेच्या जवळची वाटे. फेब्रुवारी १८१८ मध्ये कनेक्टिकटमधील कॉर्नवॉल येथे टायफस ज्वराने तो वारला. त्याचे चरित्र वाचून हेलावलेल्या मंडळींनी पुढल्याच वर्षी हवाईकडे धर्मप्रसारकांचे पथक धाडले.

हे पथक धाडणारी बोस्टनची संस्था मराठी वाचकाला अपरिचित नसावी. अमेरिकन बोर्डाच्या याच संस्थेने गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना पाठवले होते, आणि ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. पुढे जिला अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखू लागले तिची ती सुरुवात. एकाच कार्यालयातून निघालेली माणसे एका बाजूला शेकडो वर्षांचे ग्रंथवैभव असलेल्या भाषेसमोर उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला एकही अक्षर नसलेल्या, पण हजारो ओळींची स्तोत्रे कंठस्थ करणाऱ्या भाषेसमोर. मराठीत त्यांना शब्दांची निवड करायची होती. हवाईत त्यांना आधी ध्वनींची निवड करावी लागली.

१८२० च्या वसंतात ते हवाईला पोहोचले तेव्हा तेथील जुना धर्म त्यांच्या येण्यापूर्वीच कोसळला होता. १८१९ च्या मे महिन्यात थोरला कामेहामेहा वारला, आणि त्याच वर्षी राजघराण्यातील स्त्रियांनी तरुण राजाला आपल्या पंक्तीला बसवून 'कपू'चा, म्हणजे विधिनिषेधांचा, भंग केला. स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवू नये हा त्यांतला मोठा निषेध होता. तो मोडल्यावर देवळे पाडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या. 'अकुआ' हा शब्द तेवढा उरला. त्या शब्दात मोठी दैवते येत, भुतेखेते येत, लाकडी मूर्तीही येत. धर्मप्रसारकांनी तोच उचलला आणि त्याला निश्चित उपपद लावले : 'के अकुआ', तो देव. बहुवचनाच्या गर्दीतून एक एकवचन बाहेर काढण्याचे काम त्या इवल्याशा 'के'वर येऊन पडले. त्या काळच्या श्रोत्याच्या मनात ते किती काळ टिकले असेल, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

ध्वनींचा प्रश्न अधिक अवघड होता. एकच माणूस एकच शब्द कधी 'त'ने उच्चारी, कधी 'क'ने. कधी 'र', कधी 'ल'. जुन्या दर्यावर्दी नोंदींत कामेहामेहा 'तामेहामेहा' आहे आणि होनोलुलू 'होनोरुरू'. १८२६ मध्ये धर्मप्रसारकांनी या जोड्यांतून एकेक अक्षर निवडण्यासाठी चक्क मतदान घेतले. 'क' जिंकला, 'त' हरला, 'ल'ने 'र'ला आणि 'ड'ला मागे टाकले, 'प'ने 'ब'ला. शिल्लक राहिले ते पाच स्वर आणि सात व्यंजने. भाषेच्या ध्वनींचा फैसला मतपेटीने करण्याचे असे उदाहरण विरळाच. त्याच वर्षी मुंबईच्या अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला, आणि त्यासाठी झिजलेला हॉल नाशिककडच्या प्रवासातून परतताना पटकीने वारला.

मतदानात हरलेली अक्षरे मात्र हद्दपार झाली नाहीत. त्यांना एका कामासाठी राखून ठेवले : परकी विशेषनामे. म्हणून १८३२ च्या नव्या करारात आणि १८३९ मध्ये पूर्ण झालेल्या हवाई बायबलात दावीद 'दाविदा' आहे, योसेफ 'योसेपा' आहे, पेत्र 'पेतेरो' आहे, आणि ख्रिस्त 'क्रिस्तो' आहे. शेवटी स्वर जोडला, एवढाच बदल. जोडाक्षर या भाषेला चालत नाही, तरी 'क्रिस्तो'तले राहू दिले. पवित्र नामाला फार हात लावायचा नाही, अशी ती दक्षता होती.

परंतु पुस्तक एक बोलते आणि तोंड दुसरे. हवाई जिभेने दाविदाचा 'कावीका' केला. त, द, स, ज, ग, च असे नाना ध्वनी एकट्या 'क'ने सांभाळायचे, प्रत्येक व्यंजनामागे स्वर आणायचा आणि शब्द कधीही व्यंजनाने संपू द्यायचा नाही, हा या भाषेचा नियम. त्या नियमाने रॉबर्टचा 'लोपाका' होतो, जॉर्जचा 'केओकी', आल्बर्टचा 'आलापाकी', एलिझाबेथची 'एलिकापेका'. नाताळच्या शुभेच्छांतला 'कालिकीमाका' हा 'ख्रिसमस'च आहे, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. पंथसुद्धा यातून सुटले नाहीत. प्रॉटेस्टंट पंथाचे अनुयायी बेटांवर 'कालाविना' म्हणून ओळखले गेले. त्या शब्दात जिनिव्हाचा कॅल्विन दडलेला आहे. गोव्यात सेबास्तियांवचा 'बस्त्यांव' आणि ज्वांवचा 'जुवांव' करणाऱ्या कोकणी जिभेची येथे आठवण व्हावी. नाव लादता येते, उच्चार लादता येत नाही.

नामांतराचा दुसराही मार्ग आहे, तो अर्थाचा. थिओडोर म्हणजे देवाने दिलेला. मराठीत त्याला देवदत्त म्हणता येईल, हवाईत 'माकाना', म्हणजे देणगी, आणि 'अकुआ' यांचा समास करता येईल. आज आपल्या परक्या नावाचे हवाई रूप शोधणारा बहुधा या दोन मार्गांपैकी एकाने जातो. दोन्ही मार्ग व्याकरणाने निर्दोष आहेत. अडचण एवढीच, की जुन्या हवाई दृष्टीने दोहोंतून जे मिळते तो शब्द असतो, इनोआ नव्हे. इनोआ कोणीतरी द्यावी लागते. स्वतःच शोधून स्वतःला लावलेले नाव कोणत्या षष्ठीत बसवायचे, हा प्रश्न तेथील एखाद्या वृद्ध आजीने विचारला तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

विशेषनामे बाहेरून आली, पण श्रद्धेचे शब्द मात्र आतून निघाले. या विषयात पुन्हापुन्हा थांबावे असे स्थळ हे आहे. 'श्रद्धा' या अर्थी हवाई बायबलात जो शब्द रुळला तो 'मनाओ-इओ'. 'मनाओ' म्हणजे विचार, मनात येणारे ते. (मराठी 'मना'शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे.) 'इओ' म्हणजे मांस, गाभा, खरेपणा. ज्या विचाराला मांस आहे तो विश्वास. 'होओमाना' म्हणजे उपासना, धर्म. शब्दशः पाहिले तर 'माना' उत्पन्न करणे, सामर्थ्य देणे. देव माणसाला सामर्थ्य देतो हे धर्मोपदेशकाने सांगावे आणि शब्दाने मात्र उपासक देवाला सामर्थ्य देतो असे सुचवीत राहावे, असा हा पेच आहे. भाषांतरकारांना तो जाणवला नसेल असे नाही; पण दुसरा शब्द नव्हता. कृपेसाठी 'लोकोमायका-इ', आतला चांगुलपणा. क्षमेसाठी 'काला', गाठ सोडणे, मोकळे करणे.

हवाई भाषेतील प्रभूची प्रार्थना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या आरंभी देवाला 'माकुआ' म्हटले आहे. माकुआ म्हणजे जनक किंवा जननी, शिवाय त्या पिढीतील काका, मामा, आत्या, मावशी सगळेच. बाप असे स्पष्ट करायचे तर आणखी एक शब्द जोडावा लागतो, आणि प्रार्थनेत तो जोडलेला नाही. 'आमचा' या पदासाठी हवाईत दोन सर्वनामे आहेत, कारण मराठीप्रमाणे तिलाही 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद कळतो. देवाशी बोलताना देवाला वगळून 'आमचा' म्हणायचे हे मराठी आणि हवाई प्रार्थकाला सहज साधते. इंग्रजी प्रार्थकाला या निवडीची कल्पनाही नसते. रोजची भाकर तेथे 'आइ' झाली आहे. 'आइ' म्हणजे अन्न, आणि बेटांवर अन्न म्हणजे मुख्यतः अळकुड्या उकडून कुटून केलेला लगदा, पोई. स्वर्ग 'लानी' आहे, आकाश. परंतु उच्च कुळातील सरदारालाही लानीच म्हणत. आणि 'तुझे नाव' यासाठी 'कोउ इनोआ', 'ओ'च्या षष्ठीने. ज्या समाजात राजाच्या नावाभोवतीही निषेधांचे कुंपण असे, त्याला देवाच्या नावाचे पावित्र्य समजावून देण्यासाठी निराळे प्रवचन लागले नसावे. 'तुझे' आणि 'माझे' यांत या भाषेत फक्त कंठातल्या एका क्षणिक अटकावाचे अंतर आहे : कोउ आणि को-उ. हा अटकाव धर्मप्रसारकांनी लिपीत जवळजवळ सर्वत्र गाळला. या एका जोडीसाठी मात्र त्यांनी चिन्ह योजले. देवाचे आणि भक्ताचे यांत घोटाळा होऊ द्यायचा नव्हता.

मराठीत या प्रश्नाची उत्तरे वेगळी निघाली. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात 'जेजू' हे नाव परके ठेवले आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. पंडिता रमाबाईंना प्रचलित भाषांतरातील अशा हिंदू संस्कारांनी भारलेल्या शब्दांची धास्ती वाटली, आणि त्यांनी मूळ भाषा शिकून बायबल पुन्हा मराठीत आणले. नारायण वामन टिळकांनी उलट अभंगाचाच आश्रय केला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की टिळक ख्रिस्ती झाले तरी नारायणच राहिले. अमेरिकन मिशनच्या नगरच्या कार्यातला हा कवी विष्णूचे नाव धारण करून ख्रिस्ताची पदे रचीत होता आणि त्यात त्याला किंवा इतरांना विसंगती दिसली नाही. हवाईत असे घडू दिले गेले नाही. काआहुमानू राणी १८२५ मध्ये 'एलिसाबेता' झाली. हवाईचा आद्य इतिहासकार मालो बाप्तिस्म्यानंतर 'दाविदा मालो' झाला. तेथे देवाने बेटांवरचे नाव घेतले, आणि माणसांनी मात्र परके.

जे प्रथेने चालले होते ते १८६० मध्ये कायद्याने पक्के झाले. विवाहित स्त्रीने पतीचे नाव लावावे, मुलांनी पित्याचे नाव आडनाव म्हणून लावावे आणि त्याखेरीज प्रत्येकाला त्याच्या लिंगाला शोभेल असे ख्रिस्ती नाव असावे, असा तो कायदा. त्यावर सही करणारा चौथा कामेहामेहा स्वतः हवाई होता, आणि उत्तम भाषांतरकारही. अँग्लिकन प्रार्थनापुस्तक त्यानेच हवाईत आणले. ते काम १८६२-६३ मधले. त्याचा एकुलता मुलगा 'का हाकु ओ हवाई', हवाईचा राजपुत्र, या बिरुदाने ओळखला जाई. ऑगस्ट १८६२ मध्ये चार वर्षांचा असताना तो गेला. 'हाकु' म्हणजे स्वामी, धनी. प्रार्थनापुस्तकात 'प्रभू' यासाठीही हाच शब्द येतो, पानोपानी. ज्या शब्दाने मुलाला गौरवले तोच शब्द देवासाठी लिहिताना बापाच्या हाताला काय झाले असेल, ते कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. राजा स्वतः १८६३ च्या नोव्हेंबरात, एकोणतिसाव्या वर्षी वारला.

दुखऱ्या डोळ्याच्या नावाची मुलगी १८६२ मध्ये जॉन डॉमिनिस या गोऱ्या गृहस्थाची पत्नी झाली. १८७७ मध्ये भावाने तिला वारस नेमले आणि तिच्या नावाला राजपदाला साजेसा विस्तार दिला : लिलिउओकलानी. जुन्या चुरचुरण्याला 'लानी' जोडली गेली. वेदना पुसली नाही, तिला आकाश मिळाले. १८९१ मध्ये ती राणी झाली. १८९३ मध्ये तेथील अमेरिकन व्यापारी आणि मळेवाले यांच्या गटाने अमेरिकी नौसैनिकांच्या छायेत तिला पदच्युत केले. जानेवारी १८९५ मध्ये फसलेल्या उठावानंतर तिला इओलानी राजवाड्यात, तिच्याच घरात, कैदेत ठेवले आणि राजत्यागाचा मसुदा पुढे केला. सही करायची होती ती 'लिलिउओकलानी डॉमिनिस' या नावाने. आपल्या अनुयायांना फासावर जावे लागू नये म्हणून तिने ती केली. पुढे आपल्या आत्मकथनात तिने नमूद केले की तिच्या माहितीत या नावाची कोणी व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती. १८६० च्या कायद्यात त्या नावाला आधार शोधता आला असता. तिने तो शोधला नाही. हे नाव तिला कोणी दिलेले नव्हते, आणि तिचे तर नव्हतेच.

कैदेच्या त्या महिन्यांत तिने दोन गोष्टी केल्या. विश्वोत्पत्तीचे 'कुमुलिपो' हे दोन हजारांहून अधिक ओळींचे जुने स्तोत्र ती इंग्रजीत आणू लागली. ते १८९७ मध्ये बोस्टनला छापले गेले, ज्या शहरातून धर्मप्रसारकांचे गलबत निघाले होते त्याच शहरात. आणि मार्च १८९५ मध्ये तिने एक प्रार्थना रचली. तिचे नाव 'के अलोहा ओ का हाकु', प्रभूचे प्रेम. जुन्या देवांचे स्तोत्र आणि नव्या देवाची प्रार्थना एकाच खोलीत, एकाच हाताने. प्रार्थनेत तिने आपल्याला कोंडणाऱ्यांसाठी क्षमा मागितली आहे. हवाई चर्चमध्ये ती आजही गायिली जाते. 'हाकु' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : रचणे, गुंफणे, मग ते गीत असो की फुलांची माळ. राणीच्या कानाला तो ऐकू येत नव्हता असे मानणे अवघड आहे.

१८९६ मध्ये शाळांतून इंग्रजी हेच माध्यम ठरले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. मग भाषा चर्चच्या बाकांवर, निइहाऊसारख्या एकाकी बेटावर आणि लोकांच्या मधल्या नावांत जाऊन बसली. दप्तरात पहिले नाव इंग्रजी, घरात हाक मारायची ती मधल्या नावाने. नावांचा तो कायदा थेट १९६७ पर्यंत टिकला. १९७८ मध्ये हवाईला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला, १९८४ मध्ये कवाई बेटावर हवाई माध्यमाची पहिली बालवाडी उघडली. १९९३ मध्ये ओपूकाहा-इआचे अवशेष कॉर्नवॉलहून आणून केआलाकेकुआच्या उपसागराकाठी पुरण्यात आले. पंच्याऐंशी वर्षे आधी नव्हे, एकशे पंच्याऐंशी वर्षांपूर्वी तो तिथल्याच किनाऱ्यावरून निघाला होता.

२०१८ मध्ये हवाई बायबलाची नवी आवृत्ती निघाली. कंठातल्या अटकावाचे आणि दीर्घ स्वराचे चिन्ह तीत सर्वत्र पुन्हा घातले आहे. हे काम दिसते तितके यांत्रिक नव्हते. 'पाउ' या अक्षरांत संपणे, काजळी आणि स्त्रियांचे नेसू असे तीन वेगळे शब्द दडलेले असतात. घरी ही भाषा न ऐकलेल्या वाचकाला ओळीतून नेमका शब्द निवडता येत नव्हता. ते चिन्ह गाळणाऱ्यांना त्याची उणीव भासली नव्हती, कारण तेव्हा सगळी बेटे ती भाषा बोलत होती. नावे मात्र संपादकांनी बोलीतल्या उच्चाराप्रमाणे बदलली नाहीत. छापील ओळीत दाविदा दाविदाच आहे. प्रार्थना संपल्यावर अंगणातून हाक येते ती कावीकाला.